सुपडू नानांची उपाशी दादर

लग्नाच्या पंगतीत वाढपी बुंदीचं ताट घेऊन समोर आला की माणसं पानावर हात आडवा धरून 'पुरे, पुरे' म्हणतात. सुपडू नानाही म्हणतात. फक्त ते हात शेजाऱ्याच्या पानावर धरतात.

शेजारी ओळखीचा असलाच पाहिजे, असं काही नाही. मागे पारोळ्याला एका लग्नात नानांच्या शेजारी प्रत्यक्ष नवरदेवाचा मामा बसला होता. सकाळीच बोदवडहून उपाशी निघालेला माणूस. वाढप्यानं डाव उचलला आणि मधे नानांचा पंजा आला. "बस! याले आते नको. तोंडवर कशी चमक उनी ती देखी ऱ्हायना ना? किडा लागी याले!" मामा आधी हसले, मग पानाकडे बघितलं, मग नानांकडे, आणि मग उठून उभे राहिले. त्यांची समजूत काढायला फोटोग्राफर सोडून मुलीकडचे बाकी सगळे लागले. नाना मात्र आपल्या पानावरची चटणी शांतपणे संपवत मला सांगत होते, "बापू, आयक. जो जास्ती खास, त्याले किडा खास."

जो जास्त खातो त्याला किडा खातो, हे नानांचं ब्रीदवाक्य. माणसांना ते उगाच लावतात. मूळ वाक्य पिकांसाठी आहे. आमचं गाव धुळे आणि पारोळ्याच्या मधलं. इथे ज्वारी, बाजरी, मका, गहू काहीही पेरा, त्यावर कीड किती पडणार हे तुम्ही त्याला किती आणि काय खाऊ घातलंत यावर ठरतं, असं नानांचं म्हणणं. युरिया म्हणजे श्रीखंड. पालाश म्हणजे तालीम. रोज श्रीखंड खाऊन कधी तालमीत न गेलेला पोरगा जसा गुबगुबीत आणि मऊ होतो, तसं पीक होतं. आणि मऊ ते किडीला आवडतं. एवढंच. पण हे एवढंच नाना गेली कित्येक वर्षं सगळ्या गावाला सांगताहेत, आणि दुर्दैवानं माझ्या दुकानाच्या ओट्यावर बसून सांगताहेत.

माझं दुकान खतांचं आहे. माझ्या दुकानाची आणि नानांच्या घराची भिंत एक. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, माहिती म्हणून सांगतो. गिऱ्हाईक युरियाची गोणी खांद्यावर घेऊन ओटा उतरू लागलं की नाना विचारणार, "का रे भाऊ, कोना घर लगीन शे?"

"लगीन नही नाना. मकाले टाकना शे."

"तेच इचारी ऱ्हायनू. अळीनं वऱ्हाड कधय येनार शे?"

नानांना बसायला जागाच राहू नये म्हणून एकदा मी ओट्यावर फवारणी पंपांचे खोके रचले. नाना खोक्यांवर बसले. आता ते उंचावरून बोलत होते, आणि आवाज थेट पारापर्यंत जात होता. दुसऱ्या दिवशी मीच खोके आत घेतले. युरियाच्या गोण्या मात्र मी बाहेर रचल्या असत्या तर चाललं असतं, कारण युरियाला नानांनी जन्मात हात लावला नव्हता आणि त्यावर ते बसलेही नसते. पालाशाची, म्हणजे पोटॅशची गोणी मात्र माझ्याकडून ते दर हंगामाला नेत, आणि नेताना असं बघत जणू माझ्या दुकानात चुकून एखादी सज्जन वस्तू आली आहे.

गावात सर्वांत जास्त युरिया धनराजभाऊचा. मक्याचा मोठा बागायतदार, तोंडाळ आणि मोकळा गडी. पंगतीत नानांनी त्याच्या पानावर इतक्यांदा हात धरला होता की तो आता नानांपासून चार माणसं सोडून बसायचा. एकदा ओट्यावर तो नानांना म्हणाला, "नाना, आते माले सांगा, कोन्या वावरमा किती युरिया पडना हाई त्या अळीना पाखरूले कसं कयस?"

"तू तुन्ही पोर कोठे दिधी?"

"शिरपूरकडे."

"काब्रं?"

"बागाईत शे. दूधदुभतं शे. पोर सुखमा ऱ्हायी."

"मंग पाखरू काय तुन्हापेक्षा येडं शे? तेबी माय शे. अंडं घालाना पह्यले देखस, पान कवयं शे का, रस गोड शे का, मन्हा पोरं उपाशी तं मरावत नही? तू चार घरं देखी उना व्हशी, ते चार वावरं देखस."

धनराजभाऊनं मान डोलवली. मग त्यानं युरियाची आणखी एक गोणी घेतली. मी खूश होतो.

नानांना दुसरा नाद पान चघळण्याचा. कुणाच्याही शेतातलं पान तोडायचं, तोंडात टाकायचं, डोळे मिटून चावायचं आणि निकाल द्यायचा. धुळ्याला जाताना एसटी फाट्यावर थांबली की नाना खाली उतरून समोरच्या मक्यात शिरत. एकदा कंडक्टरनं घंटी मारून मारून शेवटी दारातून ओरडून विचारलं, "आबा, चराले उतरनात का?" गाडीभर हशा. नाना तोंडात पान तसंच ठेवून चढले आणि बसल्यावर शेजारच्या बाईंना गंभीरपणे म्हणाले, "आठ दिनमा अळी पडी आठे." बाईंनी पिशवी मांडीवर घेतली आणि खिडकीकडे सरकल्या.

नानांच्या शेतात दरवर्षी दादर असे. दादर म्हणजे आमच्या खानदेशातली रब्बी ज्वारी. काळ्या जमिनीत, थंडीत वाढणारी. नानांची दादर दिसायला फिकी, अंगानं काटक. बाजूनं जाणारी गुरंसुद्धा तिच्याकडे बघून आधी विचार करत. पण गावभर दादरीवर मावा पडला, पानं चिकट झाली, तरी नानांच्या वावरात चार-दोन पानांवर जेमतेम दिसायचा आणि ठिपक्यांचे लाल भुंगेरे तोही खाऊन टाकायचे. भाकरीला चव अशी की नुसत्या तेल-तिखटाबरोबर संपावी. मात्र धान्याचा उतारा गावापेक्षा थोडा कमीच येई, आणि गावाला किडीपेक्षा क्विंटल लवकर समजतात. त्यामुळे नानांचं कोणी ऐकायचं नाही. लोक मान डोलवायचे, हसायचे आणि आत येऊन म्हणायचे, "बापू, दोन गोण्या दे."

यंदा मात्र नवल झालं. गावात नव्या आलेल्या कृषी सहायक मॅडमनी ओट्यावर उभ्या राहून नानांचं सगळं ऐकून घेतलं. 'चराले उतरनात का' हेसुद्धा ऐकलं. मग म्हणाल्या, "नाना, तुम्ही म्हणता ते शास्त्राला धरूनच आहे. युरियातलं नत्र जादा झालं की पान लुसलुशीत होतं, रसात किडीचं पोषण वाढतं. पालाशानं पेशी टणक होतात. आपण तुमच्या दादरीत शिवारफेरी ठेवू. आसपासच्या गावांचे शेतकरी येतील. तुम्हीच समजावून सांगा."

नाना ओट्यावरून उठून तडक घरी गेले. दुसऱ्या दिवशी माझ्या गोदामातून आवाज येतोय म्हणून पाहिलं, तर नाना युरियाच्या थप्पीसमोर उभे राहून भाषणाची तालीम करत होते. "बठ्ठा शेतकरी भाऊ-बहिनीसले राम राम," असं म्हणून त्यांनी गोण्यांना हात जोडले. मी आल्या पावली मागे फिरलो. माणूस इतका आनंदात असताना त्याच्यात शिरू नये.

शिवारफेरीच्या दिवशी सगळं नीट दिसावं म्हणून नानांनी बरीच वर्षं टाळलेलं मोतीबिंदूचं ऑपरेशन धुळ्याला जाऊन उरकून घेतलं. डॉक्टरांनी हिरवा चष्मा दिला आणि शिवारफेरीपर्यंत धुळीत, वावरात पाय ठेवायचा नाही असं बजावलं. नाना घरी बसले, आणि दादर सुनेच्या हाती आली.

सून म्हणजे जयश्री. नानांच्या मुलाचं, गोकुळचं लग्न गेल्या उन्हाळ्यात झालं. गोकुळ धुळ्याच्या कारखान्यात कामाला, सकाळच्या गाडीनं जातो, संध्याकाळच्या गाडीनं येतो. जयश्री सावद्याकडची, केळीवाल्या घरातली. त्या बाजूला केळीला खत घालतात ते जावयाला वाढल्यासारखं: थोडं थोडं, पण सारखं, आणि आग्रह करकरून. अशी ही मुलगी नानांच्या फिक्या, काटक दादरीच्या बांधावर जाऊन उभी राहिली, आणि एकेक पिवळं पान उलटून बघू लागली.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली. भिंतीपलीकडे ऐकू जाऊ नये म्हणून हळूच म्हणाली, "बापूभाऊ, युरिया पाहिजे."

"कशाला?"

"दादरीला. चार गावचे लोक पाहायला येणार, आणि ती पाहा कशी, नुसती पिवळी. आमच्याकडे पाहुणे बाग बघायला येणार असले की आधी खताचा एक हप्ता जास्तीचा सोडतात. लोक म्हणतील, सासऱ्याचे डोळे बांधले आणि सुनेनं पीक उपाशी मारलं."

मी दुकानदार माणूस. गिऱ्हाईक युरिया मागतंय आणि मी नको म्हणतोय, इतके नाना माझ्यात अजून शिरले नव्हते. तिनं युरिया नेला, घातला, आणि वर विहिरीचं भरपूर पाणीही दिलं.

मग रोज सकाळी भिंतीपलीकडून मला संवाद ऐकू येऊ लागला.

"जयू माय, मन्ही दादर कशी शे?"

"मस्त आहे नाना. हिरवीगार."

"हिरवीगार?" नानांचा आवाज चढायचा. "हिरवीगार काब्रं?"

"तुमचा चष्मा हिरवा आहे ना, मला वाटलं तुम्हाला आवडेल," असं ती एकदा घाबरून म्हणाली. नानांनी त्यावर चहा मागितला.

पुढे आभाळ आलं. चांगलं आठवडाभर टिकलं. अशा ढगाळ थंडीत मावा वाढतो हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. गावातल्या बहुतेक दादरीवर थोडा थोडा आला. नानांच्या दादरीवर तो सगळं गाव सोडून आल्यासारखा आला. पोंग्यातल्या कोवळ्या पानांत मावा, पानाखाली मावा, आणि त्याच्या अंगातून पाझरणारा तो चिकटा असा की सगळं वावर तेल लावल्यासारखं चमकू लागलं.

शिवारफेरीच्या आदल्या दिवशी जयश्री माझ्या बायकोकडे, सुमनकडे येऊन ढसाढसा रडली. तिला सगळं समजलं होतं. ज्या माणसानं आयुष्यभर एकच गोष्ट सांगितली, त्याचं ऐकायला पहिल्यांदा लोक येणार होते, आणि तिनं तीच गोष्ट मातीत घातली होती. "मी उद्या सावद्याला जाते काकू. पिशवी भरून ठेवलीय. नानांना तोंड कसं दाखवू? आणि हे गाव मला जन्मभर युरियावाली म्हणेल." गाव म्हणालंही असतं, आमच्या गावात नाव पडायला वेळ लागत नाही. सुमननं कसंबसं तिला थांबवलं. "चहा तरी कोण करेल उद्या?" म्हणाली. घरी पाहुणे येणार म्हटल्यावर ती थांबली.

मी नानांना सावध करायला गेलो. ते टोपीला इस्त्री करत होते. म्हटलं, "नाना, आभाळ आलंय. शिवारफेरी पुढे ढकलली तर?"

"आभाय येऊ दे ना बापू! दुसरासना वावरमा मावा पडी, मन्हा वावरमा नही. मंग तं लोकेसले आखो चांगलं दिखी!"

मी टोपी छान झाली म्हणालो आणि परत आलो.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून माणसं आली. माझ्या दुकानातल्या खुर्च्या बांधावर मांडल्या होत्या. मॅडम होत्या, धनराजभाऊ सगळ्यांत पुढे होता, आणि कडेला जयश्री चहाची मोठी किटली धरून उभी होती. नाना हिरवा चष्मा लावून, आलेली माणसं बघत बघत पिकाच्या कडेला गेले आणि पिकाकडे न बघताच लोकांकडे तोंड करून उभे राहिले. म्हणजे दादर त्यांच्या पाठीमागे. समोरच्या सगळ्यांना ती दिसत होती: काळपट हिरवी, मऊ, चकचकीत, मान टाकलेली. दिसत नव्हती ती एकट्या नानांना.

"बठ्ठा शेतकरी भाऊ-बहिनीसले राम राम!" नानांनी सुरुवात केली. आवाज काय लागला होता! श्रीखंड झालं, तालीम झाली, पाखराच्या लेकीचं लग्न झालं. लोकांना हसावं की नाही ते कळेना. "मी जिंदगीमा युरियाले हात लावा नही," नाना म्हणाले. "म्हनीसन देखा मन्ही दादर!" आणि मागे न बघताच त्यांनी एखाद्या बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा हात मागच्या पानावर ठेवला.

हात चिकटला.

नाना थांबले. त्यांनी बोटं समोर आणली, एकमेकांवर घासली, आणि सवयीप्रमाणे तोंडात घातली. मग चष्मा काढला आणि वळून बघितलं.

ऑपरेशननंतर नानांनी आपलं वावर पहिल्यांदा पाहिलं ते हे. मला त्या क्षणी तिथून पळून जावंसं वाटलं.

"नाना," धनराजभाऊ म्हणाला. त्याच्या आवाजात दुष्टपणा नव्हता. त्याला खरोखर राहवलं नाही. "युरिया कोनी टाका?"

किटलीचं झाकण खडखडू लागलं. नानांनी लोकांकडे बघितलं. मॅडमकडे बघितलं. मग तो खडखडाट कुठून येतोय तिकडे बघितलं.

"मी टाका," नाना म्हणाले.

"तुम्ही? तुम्हना तं डोया बांधेल व्हतात!"

"म्हनीसनच तं जास्ती पडना. दिखतं तं कमी टाकतू."

त्यावर जो हशा फुटला तो पलीकडच्या शिवारात ऐकू गेला असेल. माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. दोघांनी मोबाईल वर करून नानांना "पुन्हा म्हणा ना" म्हटलं, आणि नानांनी पुन्हा म्हटलं. आजही ती चित्रफीत आमच्या गावच्या ग्रुपवर फिरते आहे. मॅडम हुशार, त्यांनी वेळ निभावून नेली. पान हातात घेऊन म्हणाल्या, "बघा, जादा नत्र दिल्यावर काय होतं ते प्रत्यक्षच दिसतंय. असं करू नका." लोक पुढे वाकून बघू लागले. नानांना जे जे सांगायचं होतं ते सगळं त्यांनी सांगितलं, तेही नीट, मुद्देसूद. नाना त्यांच्या शेजारी हात जोडून उभे होते आणि प्रत्येक मुद्द्याला मान हलवत होते. शिकवणाऱ्याच्या जागी उभा राहायला आलेला माणूस चुकीचा नमुना म्हणून उभा होता, आणि त्याची मान खाली नव्हती.

लोक गेले. मी खुर्च्या गोळा करत मागे राहिलो. जयश्रीनं किटली खाली ठेवली आणि नानांसमोर येऊन उभी राहिली.

"नाना, मी टाकला होता."

"माले मालूम शे."

"कसं काय?"

"गोकुळनी फेका व्हता तं मधमा पट्टा सुटता. आठे येक ताटबी सुटेल नही. हाई टाकेल नही माय, हाई वाढेल शे."

ती रडू लागली. "मी सावद्याला जाते नाना. तुमचं नाव घालवलं मी."

"नाव गये ते गये. काय करनं शे त्याले?" नाना बांधावर बसले. बोटांचा चिकटा मातीला पुसला. मग जे बोलले ते इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. "तुन्ही सासू गयी तधयपासून आम्हना घरमा कोनी कोनले इचारं नही, उपाशी शे का म्हनीसन. गोकुळ धुळामा खाई ये. मी गावभर सांगत फिरू, कमी खा रे, कमी खा. घरमा रांधाले तरी कोन व्हतं? तू उनी, नि तुले मन्हं वावर उपाशी दिखनं. मानूस ऱ्हावू दे, वावर! मी काय तुन्हावर चिडू?"

हातातली खुर्ची मी उगाच उघडली आणि परत मिटली. भिंतीला भिंत लागून राहतो मी. जयश्री येईपर्यंत नानांच्या घरातून फोडणीचा वास येत नव्हता, हे मला कधी जाणवलंही नव्हतं.

जयश्रीनं पदरानं डोळे पुसले. जवळचं एक पान उलटं केलं आणि त्यावरच्या माव्याकडे बघत विचारलं, "मग आता याला काय करायचं, नाना?"

मी मनात म्हटलं, झालं, आता अर्धा तास भाषण. उभ्या जन्मात नाना न विचारता सांगत आले होते आणि विचारणारं माणूस त्यांना आज भेटलं होतं. पण नानांनी बांधावर थोडं सरकून तिला बसायला जागा केली आणि म्हणाले, "तूच सांग माय. तुन्हा माहेरले केयवर किडा पडना म्हंजे काय करतस?"

ती बसली आणि सांगू लागली. पहिल्यांदा अडखळत, मग हातवारे करून. आणि सुपडू नाना, आमचे सुपडू नाना, मधे एक शब्द न बोलता ऐकत होते.